फिरतीवरच्या माणसाची पेटी

धंद्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या माणसाने बरोबर कोणते कपडे घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. लग्नकार्याला निघालेला मनुष्य कपड्यांचा विचार करतो, त्याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु मालाचे भाव, वसुलीचा हिशेब आणि गाडीची वेळ डोक्यात असताना जो व्यापारी सदऱ्याच्या रंगाचा विचार करतो, त्याला लोक हसतात. वास्तविक त्याचीच गरज मोठी असते. फिरतीवर गेलेला मनुष्य परक्या दारात उभा राहतो तेव्हा त्याचा माल अजून पिशवीत बांधलेला असतो आणि त्याची पत कोणाला ठाऊक नसते. दिसतो तो केवळ त्याचा पोशाख. याला खुर्ची द्यावयाची की बाहेरच्या बाकावर बसवून ठेवावयाचे, हे पुष्कळ ठिकाणी त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. हा न्याय नव्हे, हे खरे. पण व्यवहार असाच चालतो, आणि लहान व्यापाऱ्याला व्यवहाराशी भांडत बसण्याइतकी सवड नसते.

बीदर शहराला लागून असलेले नौबाद हे या प्रश्नाचा विचार करण्यास मोठे सोयीचे ठिकाण आहे. बहमनी काळातील भुयारी जलमार्गासाठी, म्हणजे कारेझसाठी, त्याचे नाव अभ्यासकांना परिचित आहे. परंतु येथून कामधंद्यानिमित्त बाहेर पडणाऱ्या माणसाची अडचण निराळीच आहे. त्याला जावयाचे ते एका दिशेला नव्हे. आग्नेयेस सुमारे 145 किलोमीटरवर हैदराबाद, नैर्ऋत्येस सुमारे 110 किलोमीटरवर कलबुर्गी, दुसऱ्या बाजूस भालकी, उदगीर आणि त्यापलीकडे लातूर. शिवाय राज्याची राजधानी बेंगळुरू, तीही रात्रभराच्या प्रवासावर! प्रत्येक दिशेची हवा वेगळी, माती वेगळी आणि माणसाकडे पाहण्याची नजरही वेगळी.

हवेचेच पाहावे. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंच आहे. हिवाळ्याच्या पहाटे येथे अंगावर काहीतरी घेतल्यावाचून घराबाहेर पडवत नाही. तेथून कलबुर्गीकडे उतरावे, तर उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि अंगातला कोट शत्रूसारखा वाटू लागतो. बेंगळुरू तीन हजार फुटांवर, तेथे संध्याकाळी तोच कोट मित्र होतो. मुंबईस जाण्याचा प्रसंग आला, तर तेथील दमट हवेत खळ दिलेल्या खादीचा ताठा दोन तासांत उतरून जातो. मातीचीही तीच गोष्ट. नौबादची माती जांभ्या दगडाची, तांबडी. कलबुर्गीची काळी, चिकण. पांढऱ्या धोतराच्या सोग्याकडे पाहून जाणत्याने सांगावे, हा गृहस्थ कोणत्या वाटेने आला ते!

नजरेचा प्रकार याहूनही नाजूक आहे. औरादच्या बाजारात कोट आणि गळपट्टा घालून कोणी उभा राहिला, तर शेतकरी त्याला भाव विचारावयाच्या ऐवजी चार पावले मागे सरतो. हा कोणी अंमलदार असावा, याच्याशी जपून बोलावे, असे त्याला वाटते. उदगीरच्या अडत दुकानात गादीवर मांडी घालून बसावे लागते आणि तेथे तंग पाटलोण घातलेल्या माणसाची जी तारांबळ उडते, तिच्याकडे पाहून सौद्याचे गांभीर्य नाहीसे होते. उलट हैदराबादच्या किंवा बेंगळुरूच्या एखाद्या वातानुकूलित कचेरीत बाजारातला तोच सैल, चुरगळलेला सदरा गेला, तर पहारेकरीच त्याला दुसऱ्या दाराने जाण्यास सांगतो. माणूस तोच, माल तोच आणि प्रामाणिकपणाही तोच.

ही अडचण आजची आहे असे मात्र नाही. बीदर ही बहमनी राज्याची राजधानी असताना या शहरात दूरदेशीचे व्यापारी येत असत. इराणातील गीलान प्रांतातून दाभोळमार्गे 1453 मध्ये बीदरला आलेला महमूद गावान हा प्रथम व्यापारी म्हणूनच आला होता. पुढे तो राज्याचा वजीर झाला. त्याच्याच वजिरीच्या काळात, 1469 च्या सुमारास, रशियातील त्वेर नगराचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी एक घोडा विकावयास घेऊन या भागात आला. त्याची सुरुवातच नागवले जाण्यापासून झाली होती. व्होल्गा नदीच्या मुखाजवळ लुटारूंनी त्याचा माल लुटला होता. चौलला तो जहाजातून उतरला, जुन्नरला पावसाळ्यात अडकला, तेथील सुभेदाराने हिरावून घेतलेला घोडा मोठ्या मिनतवारीने परत मिळवला आणि कलबुर्गीवरून बीदर गाठले. त्याच्या प्रवासवृत्तात धर्म आहे, बाजारभाव आहेत, हत्तींच्या मिरवणुका आहेत. परंतु चौलला पाय ठेवताच त्याने प्रथम टिपून ठेवले ते लोकांचे कपडे. येथील लोक उघड्या डोक्याने व उघड्या छातीने वावरतात, सरदार एक वस्त्र खांद्यावर घेतो व एक कमरेला गुंडाळतो, राजा तेच वस्त्र डोक्याला बांधतो, असे त्याने लिहिले आहे. वस्त्र एकच, ते अंगावर कोठे आहे त्यावरून दर्जा ओळखावयाचा! आपल्या गोऱ्या कातडीकडे पाहण्यासाठी लोक मागे लागतात, हेही तो नोंदवतो. आपणही पाहिले जात आहोत, याची जाणीव त्या व्यापाऱ्याला चांगली होती. म्हणूनच त्याने या देशात वावरताना ‘खोजा युसुफ खोरासानी’ असे येथल्या कानांना ओळखीचे नाव घेतले. नाव हाही एक पोशाखच आहे.

निकितिनला जे दिसले त्यातले मर्म या देशातील प्रवाशांनी शेकडो वर्षे सांभाळले होते. शिवलेल्या कपड्याला एकच काम करता येते, न शिवलेल्याला दहा. डोक्याचा रुमाल किंवा फेटा हे याचे उत्तम उदाहरण. उन्हात तो डोक्यावर असे. विहिरीवर दोर नसला की त्यालाच तांब्या बांधून पाणी शेंदले जाई. रात्री तो उशाला जाई. पाय मुरगळला तर त्याची पट्टी होई आणि बाजारातून परतताना त्याच्याच एका टोकात चार पायली दाणे बांधून येत. पगडीचे तसे नव्हते. ती कारागिराने बांधून दिलेली, ठरीव घाटाची. तिची घडी होत नसे, तिला वेगळा डबा लागे आणि तिच्या घाटावरून माणसाचे गाव आणि जात दोन्ही दुरूनच कळत. गावी मिरवण्याला ती उत्तम, पण फिरतीला निरुपयोगी. या शतकानुशतकांच्या वादाचा निकाल एका पांढऱ्या टोपीने लावला, असे म्हणावयास हरकत नाही. गांधी टोपी घडी करून खिशात राहते, रोज धुता येते आणि ती घालणाऱ्याचे गाव कोणते, जात कोणती, हे काही सांगत नाही. तिचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे; प्रवासी म्हणून तिने केलेली सोय मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

घोंगडीबद्दलही दोन शब्द बोलावयास हवेत. पावसात खोळ, रात्री अंथरूण, थंडीत पांघरूण, आणि पाहुणा आला की बैठक. आज ती कोणी फिरतीवर नेणार नाही. तिचे वजन आणि तिचा वास दोन्ही शहरात चालत नाहीत. पण एका वस्तूने किती कामे करावीत याचे तिने घालून दिलेले माप अजून कोणत्याही सूटकेसला गाठता आलेले नाही.

निजामाच्या राजवटीत बीदरच्या माणसाला एक नवीनच वस्त्र मिळाले. कचेरीत, समारंभात, बड्या माणसाच्या भेटीत शेरवानी लागे; प्रत्यक्ष दरबारी प्रसंग असला तर डोक्याला दस्तार म्हणजे बांधीव पागोटे आणि कमरेला बगलूस म्हणजे बकलाचा पट्टा लागे. मराठी बोलणारा वकील किंवा सावकार घरी धोतर-सदऱ्यात असे आणि हैदराबादला निघाला की शेरवानी बाहेर काढी. तिच्यामागे सत्तेचा दबदबा होता, हे नाकारण्याचे कारण नाही, आणि सप्टेंबर 1948 नंतर अनेकांनी ती त्याचसाठी टाकून दिली. तथापि प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर ते वस्त्र मोठे शहाणपणाचे होते. गळ्यापर्यंत बंद असल्यामुळे आत कालचाच सदरा असला तरी चाले. गुडघ्यापर्यंत लांब असल्यामुळे पायजम्याच्या चुण्या झाकल्या जात. गादीवर बसता येई आणि खुर्चीवरही शोभे. बंद गळ्याचा आखूड कोट आणि बिनबाह्यांचे जाकीट यांनी पुढे हीच युक्ती उचलली, आणि नौबादहून निघणाऱ्या माणसाला आजही त्यांच्याइतके उपयोगी दुसरे वस्त्र नाही.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. हैदराबाद राज्य विसर्जित झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले, ज्याचे 1973 मध्ये कर्नाटक झाले. या पुनर्रचनेवर भाषेच्या अंगाने खूप चर्चा झाली. परंतु तिचा एक परिणाम थेट प्रवाशाच्या पेटीत उतरला, तो असा. ज्या कचेरीच्या कामासाठी बीदरचा माणूस सकाळी निघून, हैदराबादला दोन घटका बसून, रात्री घरी जेवावयास येत असे, त्याच कामासाठी त्याला आता सातशे किलोमीटरवरील बेंगळुरू गाठावे लागले. एका दिवसाच्या फिरतीला पेटी लागत नाही. अंगावरचे कपडे आणि खांद्यावरचा पंचा पुरतो. रात्रीचा प्रवास आला की निजण्याचे कपडे आले, सकाळचा बदल आला, दाढीचे सामान आले. व्यापारी नाती मात्र जुन्याच वाटांनी, हैदराबाद आणि उदगीर-लातूरकडे, चालू राहिली. बीदर-कलबुर्गी लोहमार्ग 29 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला, तेव्हा कुठे आपल्याच विभागाच्या मुख्य ठिकाणी रेल्वेने सरळ जाता येऊ लागले. एकाच आठवड्यात तीन राज्यांत पाऊल टाकणारा नौबादचा व्यापारी म्हणजे काही मोठा उद्योगपती नव्हे. भूगोलानेच त्याच्यावर ते लादले आहे.

अशा एका व्यापाऱ्याची कल्पना करावी. तो बिदरी कामाचे नमुने घेऊन निघाला आहे. सोमवारी कलबुर्गीस काम, मंगळवारी रात्रीच्या गाडीने बेंगळुरू, तेथे दोन दिवस, परत येताना हैदराबादला एक भेट. नवशिका असेल तर तो चार भेटींसाठी चार पोशाख घेईल, आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या कामी येणार नाही. जाणता मनुष्य गणित उलट मांडतो. गडद राखाडी आणि तपकिरी अशा दोन पाटलोणी, आणि दोन्हींवर चालतील असे फिकट रंगाचे तीन सदरे घेतले की सहा जोड झाले. त्यावर एक गडद जाकीट घेतले की त्याच पाच वस्त्रांतून बारा रूपे तयार होतात. रंग निवडताना प्रत्येक कपडा दुसऱ्या सगळ्यांशी जुळतो की नाही, एवढे पाहावयाचे. जो एकट्यानेच उठून दिसतो, तो कितीही महाग असला तरी घरी राहावा. भडक पट्ट्यांचा सदरा लोकांच्या लक्षात राहतो, आणि तो पुन्हा घातलेलाही लोकांच्या लक्षात येतो!

कापडाचा विचार यानंतर. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये टेरिलीनचा शोध लागला आणि पुढे आपल्याकडे त्याचा सदरा येताच फिरतीवरच्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. रात्री धर्मशाळेत धुवावा, सकाळी इस्त्रीवाचून घालावा. पण ज्याने तो मे महिन्यात कलबुर्गीला घातला त्याला त्याची दुसरी बाजूही कळली, कारण ते कापड घाम शोषून घेत नाही. सूत घाम शोषते, पण चुरगळते. दोन भाग टेरिलीन आणि एक भाग सूत अशी मिसळ म्हणजे टेरिकॉट निघाले, ते या दोहोंतील तडजोड होय, आणि तडजोडीत असतात ते दोष त्यातही आहेत. उन्हाळ्यात निव्वळ सुती आणि इतर वेळी मिसळ, हा धोपट मार्ग बीदर-कलबुर्गी भागासाठी बरा.

आता वजन. विमानात हाती ठेवावयाच्या सामानाची मर्यादा बहुधा सात किलो असते. रेल्वे शयनयान वर्गाच्या प्रवाशाला चाळीस किलो विनामूल्य नेऊ देते. रेल्वेच्या या उदारपणाने अनेकांचे नुकसान केले आहे. नेऊ देतात म्हणून नेलेले सामान शेवटी आपल्याच खांद्यावर येते, आणि बिदरीचे नमुने हलके नसतात, ते जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. एक जास्तीचा कोट म्हणजे नमुन्याची एक सुरई कमी, असा रोकडा हिशेब या पेटीत चालतो. म्हणून जड बूट आणि जाकीट अंगावर घालून प्रवास करावा. हलके ते पेटीत जावे. आणखी एक बारकाई या मालाच्या बाबतीत आहे. बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांनी आलेला काळा रंग खुलावा म्हणून बिदरी वस्तूला तेलाचा हात देतात. अशी वस्तू पांढऱ्या सदऱ्याच्या शेजारी ठेवली की भेटीच्या वेळी सदऱ्यावर डाग आणि वस्तूवर तंतू, असे दुहेरी नुकसान होते. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात प्रत्येक नमुना वेगळा गुंडाळावा, तळाशी ठेवावा आणि मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी द्यावी.

कपडे भरण्याची पद्धतही एकदा शिकून घेण्याजोगी आहे. पाटलोणी प्रथम पेटीत आडव्या पसराव्यात, त्यांचे पाय काठाबाहेर लोंबू द्यावेत; मधोमध सदरे ठेवावेत आणि मग बाहेरचे पाय त्यांवर परत घ्यावेत. अशाने गुडघ्याशी कडक मोड पडत नाही. आतले कपडे, मोजे, पंचा यांच्या गुंडाळ्या करून कडेच्या फटींत बसवाव्यात. एवढे करूनही चुणी पडलीच, तर जुन्या लोकांचे उपाय अजून मेलेले नाहीत. रात्री पाटलोण गादीखाली सारखी करून ठेवावी, सकाळी ती घडीदार निघते. पितळी तांब्यात निखारे घालून सदऱ्यावर फिरवण्याची रीत एकेकाळी घरोघर होती. लॉजमध्ये निखारे मिळणार नाहीत, पण गरम पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या कॉलरीपुरते काम करतो. भेटीला बाकीचा सदरा जाकिटाखाली झाकलेलाच असतो.

स्त्रियांचा विचार पूर्वी अशा विषयात कोणी करीत नसे, कारण फिरती हे पुरुषाचे काम समजले जाई. आता बचत गटांच्या बाया पापड, मसाले आणि हातकामाच्या वस्तू घेऊन जिल्ह्याच्या आणि राज्याच्या प्रदर्शनांत जातात, दिवसभर मांडवात उभ्या राहतात आणि हिशेबही ठेवतात. त्यांची अडचण पुरुषांहून मोठी आहे, कारण त्यांच्याविषयी मत बनवणाऱ्या नजरा अधिक असतात आणि पदर सांभाळून खोकीही उचलावयाची असतात. साडी पाच वारांची असो की नऊ, ती न शिवलेलीच असते, म्हणून जुन्या प्रवासी वस्त्रांचे सारे गुण तिच्यात आहेत. जागा खातात त्या तिच्याबरोबरच्या वस्तू. प्रत्येक साडीला निराळा ब्लाउज आणि निराळा परकर घेतला की पेटी भरली. काळा आणि विटकरी असे दोनच ब्लाउज घ्यावेत, त्यांवर चालणाऱ्या तीन साड्या निवडाव्यात, आणि परकर एखाद्या मध्यम रंगाचा असावा, म्हणजे तो तिन्हींखाली खपतो. त्यांपैकी एक साडी सुती, काठाची असावी. मांडवात मंत्रीण येवो की गिऱ्हाईक, ती दोघींसमोर सारखीच शोभते. मालाच्या पेट्या चढवण्या-उतरवण्याच्या दिवशी सलवार-कमीज घातले तर कोणी नाव ठेवू नये. जो नाव ठेवील त्याला एक खोके उचलावयास द्यावे.

राहता राहिला पंचा. एवढ्या सगळ्या यादीत तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कर्तबगार. अंघोळीला, नेसावयाला, गाडीच्या बाकावर अंथरावयाला, उन्हात डोक्यावर आणि धुळीत नाकावर बांधावयाला तो हवा. धुतल्यावर तासाभरात वाळतो. मोठा टर्किश टॉवेल या प्रदेशात पावसाळ्यात दोन दोन दिवस ओला राहतो आणि शेजारच्या कपड्यांना वास लावतो. सोलापुरी चादर घरी कितीही प्रिय असली तरी ती पेटीत अर्धी जागा अडवते. गाडीत थंडी वाजेल अशी भीती असेल तर पातळ शाल पुरे.

पेटी बंद करताना चौथा हिस्सा मोकळा ठेवावा. जाताना घडीत असलेले कपडे येताना मळके आणि फुगलेले असतात, ते कागदात गुंडाळून एका बाजूला टाकावे लागतात. शिवाय फिरतीहून परतणारा मनुष्य रिकाम्या हाताने घरी येत नाही. बेंगळुरूच्या व्यापाऱ्याने दिलेले माप-नमुने असतात, हैदराबादच्या लाड बाजारातून मुलीसाठी घेतलेल्या लाखेच्या बांगड्या असतात. आणि त्या बांगड्या सुखरूप पोचवावयाच्या, तर त्यांना मळक्या सदऱ्यांच्या मधोमध ठेवण्याहून चांगली जागा नाही.